टेस्टमध्ये 'इन्ट्रोव्हर्ट' आलं म्हणून टीम लीडसाठी नाव मागे पडलं, आता काय करू?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. प्रश्न विचारणारे पाच वर्षं एकाच टीममध्ये आहेत. कंपनीने सगळ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, ऑनलाइन, वीस-पंचवीस मिनिटांची, आणि रिपोर्टमध्ये चार अक्षरांचा टाइप आला, त्यातलं पहिलंच अक्षर इन्ट्रोव्हर्टचं, म्हणजे अंतर्मुख माणसाचं. त्याआधी टीम लीडच्या जागेसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. रिपोर्ट आल्यावर मॅनेजर म्हणाले, "तुझा पिंड लीडचा नाहीये, टेस्टमध्ये पण तेच आलंय." तीन महिन्यांनी टेस्ट परत होणार आहे. तर त्यांनी विचारलंय की अशी टेस्ट खरी असते का, पुढच्या वेळी उत्तरं फिरवून दिली तर चालेल का, आणि टेस्टला नाही म्हणता येतं का. शेवटी एक वाक्य जोडलंय: "खरं सांगायचं तर रिपोर्ट वाचून मलाही वाटलं की हा मीच."

मी सतरा-अठरा वर्षं कंपन्यांसाठी हेच काम करते, टेस्ट निवडणं, घेणं, रिपोर्ट समजावून सांगणं, आणि बऱ्याचदा रिपोर्टमुळे झालेला घोळ निस्तरणं. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मॅनेजरच्या वाक्याकडे बघा. "टेस्टमध्ये पण तेच आलंय." त्या 'पण' मध्ये सगळी गोम आहे. म्हणजे त्यांचं मत आधीच झालेलं होतं, टेस्ट नंतर साक्षीला आली. हे लक्षात घेतलं नाही तर तुम्ही तीन महिने टेस्टशी भांडत बसाल, कदाचित टेस्ट जिंकालसुद्धा, आणि मॅनेजरचं मत आहे तिथेच राहील. तुमचा खरा प्रश्न "मी इन्ट्रोव्हर्ट आहे का" हा नाहीच. प्रश्न हा आहे की मॅनेजरना तुमच्या कामात नेमकं काय दिसलं किंवा दिसलं नाही, आणि ते सरळ सांगायच्या ऐवजी त्यांना रिपोर्ट का पुढे करावा लागला. बऱ्याच मॅनेजरना समोरच्याला नाही म्हणणं जड जातं हो, रिपोर्ट हातात असला की "मी नाही म्हणत, टेस्ट म्हणतेय" असं म्हणता येतं. अर्थात मी त्यांना ओळखत नाही. असंही असू शकेल की त्यांचा टेस्टवर मनापासून विश्वास आहे, कोणीतरी कन्सल्टंट येऊन दोन तास स्लाइड दाखवून गेला असेल. दोन्ही शक्यतांमध्ये करायचं काय ते थोडं वेगळं आहे, ते पुढे सांगते.

आता टेस्ट. टेस्टला तुमच्याबद्दल काय माहीत असतं? तुम्ही जे सांगितलं तेवढंच. "मला नवीन लोकांशी बोलायला आवडतं" याला तुम्ही 'फारसं नाही' म्हणालात, अशी सात-आठ उत्तरं एकत्र झाली, आणि रिपोर्टने भारदस्त भाषेत तेच तुम्हाला परत ऐकवलं. तिने तुम्हाला मीटिंगमध्ये बघितलेलं नाही, रात्री अकराला प्रॉडक्शन बंद पडलं तेव्हा तुम्ही कुणाला फोन केला ते तिला माहीत नाही. रक्ताच्या तपासणीसारखं आतलं काहीतरी शोधून काढलंय असं लोकांना वाटतं, तसं काही नसतं. म्हणून "हा मीच" वाटणं साहजिक आहे, तुमचंच म्हणणं आहे ते.

शिवाय त्या वाटण्यात अजून एक गंमत आहे. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला 'तुझा खास रिपोर्ट' म्हणून कागद दिला. किती बरोबर आहे ते ५ पैकी सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं त्याने स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. "तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून कधीकधी धास्तावलेले असता" असली वाक्यं, जी कुणालाही लागू पडतात. मी ट्रेनिंगमध्ये हा प्रयोग अजूनही करते, माझ्या स्वतःच्या वाक्यांनी, आणि दर वेळी खोलीत एक तरी जण हळवा होतो. तेव्हा रिपोर्ट पटला याचा अर्थ रिपोर्ट बरोबर आहे असा लगेच काढू नका, आणि चूक आहे असाही नाही.

चार अक्षरांच्या टाइपबद्दल थोडं. तुम्ही टेस्टचं नाव दिलेलं नाही, पण चार अक्षरं म्हणजे बहुतेक मायर्स-ब्रिग्ज किंवा तिची एखादी नक्कल. ही टेस्ट कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी बनवली, दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र शिकलेली नव्हती. आधार घेतला कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या प्रकारांचा, आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत नव्याने कामाला येणाऱ्या बायकांना आपल्या स्वभावाचं काम मिळावं हा हेतू होता. हेतू चांगलाच होता, मी त्या दोघींची टिंगल करणाऱ्यांतली नाही. अडचण आहे ती टाइप पाडण्यात. चार जोड्या, प्रत्येकीतलं एक अक्षर, असे सोळा प्रकार. पण माणसं अशी दोन ढिगांत पडलेली नसतात. बहुतेकांचा स्कोअर मध्याच्या आसपास असतो, आणि टाइप पाडताना बरोबर मधोमध रेघ मारली जाते. परीक्षेत काठावर पास आणि काठावर नापास यांच्यात जेवढा फरक असतो तेवढाच फरक रेघेच्या या आणि त्या बाजूच्या दोघांत असतो, पण एकाला इन्ट्रोव्हर्ट म्हणतात आणि दुसऱ्याला एक्स्ट्रोव्हर्ट, म्हणजे बहिर्मुख. म्हणूनच काही आठवड्यांनी परत तीच टेस्ट दिली की पुष्कळ जणांचं एखादं अक्षर बदलतं, माणूस काही बदललेला नसतो. तुमची टेस्ट तीन महिन्यांनी परत होणार आहे ना, तुम्ही काहीही न फिरवता अक्षर बदलू शकतं. मग मॅनेजर काय म्हणणार, तीन महिन्यांत पिंड बदलला?

आणि हे नीट लिहून घ्या कारण तुमच्या कामाचं आहे: मायर्स-ब्रिग्जच्या मागे जे लोक आहेत तेच सांगतात की ही टेस्ट भरतीसाठी किंवा कुणाला कुठलं काम द्यायचं हे ठरवण्यासाठी वापरू नका. म्हणजे तुमच्या बाबतीत जे झालं ते टेस्टवाल्यांच्याच नियमात बसत नाही. टेस्ट खरंच ती असेल तर एचआरला हे एका वाक्यात विचारता येतं.

पण समजा टेस्ट दुसरी असेल. आजकाल बऱ्याच चांगल्या टेस्ट 'बिग फाइव्ह' वर बेतलेल्या असतात, म्हणजे नव्याची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता हे पाच गुण, प्रत्येकाचा स्वतंत्र स्कोअर, टाइप नाही. यांच्यामागे दम आहे. यांची सुरुवातच शब्दकोशातून झाली, १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द काढले, मग पुढच्यांनी कित्येक वर्षं ते चाळत चाळत गटांत बसवले. कधीकधी कंपनीने टेस्ट ही घेतलेली असते आणि रिपोर्ट सोपा दिसावा म्हणून वरून अक्षरं किंवा रंग चिकटवलेले असतात. तसं असेल तर मूळ आकडे मागा, ते कुठेतरी असतातच.

आकडे मिळाले की दोन गोष्टी बघायच्या. एक, किती पुढेमागे होऊ शकतं. बऱ्याच टेस्टमध्ये सरासरी ५० धरतात आणि १० चा फैलाव. समजा तुमचा बहिर्मुखतेचा स्कोअर ४४ आलाय आणि टेस्टची रिलायबिलिटी, म्हणजे परत परत मोजलं तर निकाल किती सारखा येतो त्याचा आकडा, ०.८ आहे, जी चांगली समजतात. हिशोब केला तर एकट्या मोजण्यातली चूकच साडेचार गुणांची निघते, आणि ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर तुमचा खरा स्कोअर साधारण ३५ ते ५३ च्या मध्ये कुठेतरी आहे एवढंच म्हणता येतं. म्हणजे बराच अंतर्मुख ते सरासरीपेक्षा किंचित बहिर्मुख, काहीही. हे मी एकदा एका डायरेक्टरला फळ्यावर काढून दाखवलं तर तो म्हणाला, मग मी पैसे कशाचे दिले? प्रश्न चांगला होता. उत्तर असं की शंभर अनोळखी लोकांमधून वीस निवडायचे असतील तर एवढी ढोबळ माहितीही एकूणात उपयोगी पडते, पण एका माणसाचा निकाल त्यावर लावायचा असेल तर नाही.

दुसरी गोष्ट, तुलना कुणाशी केलीय. समजा रिपोर्टमध्ये परसेंटाइल २७ लिहिलंय, म्हणजे शंभरातले २७ जण तुमच्या खाली, पण कुणाच्या तुलनेत २७? नॉर्म ग्रुप, म्हणजे ज्यांच्याशी तुलना केली तो गट, सगळ्या नोकरदारांचा असेल तर एक अर्थ, सेल्सवाल्यांचा असेल तर दुसरा. सेल्सच्या लोकांत उभं केलं तर निम्मी इंजिनिअर मंडळी मुकी वाटतील. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं आणि ते पान कोणी उघडत नाही, मॅनेजर तर नाहीच.

आता मॅनेजरच्या बाजूने बोलते, कारण नाहीतर तुम्ही इथून अर्धंच घेऊन जाल. बहिर्मुखपणाचा आणि लीडरशिपचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही, संबंध आहे. २००२ मध्ये टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा पाच गुणांमध्ये बहिर्मुखतेचंच नातं लीडरशिपशी सगळ्यात ठळक निघालं, आकडा ०.३१. पूर्ण जुळणी म्हणजे १, तेव्हा ०.३१ म्हणजे आहे, पण फार नाही. मात्र त्याच आढाव्यात अजून एक निघालं जे लोक सांगत नाहीत. हे नातं कोण लीडर म्हणून पुढे येतो याच्याशी जास्त होतं, आणि लीडर झाल्यावर काम कसं करतो याच्याशी कमी. बोलका माणूस लीडर वाटतो लवकर. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं असायची शक्यता आहे. पुढे २०११ मध्ये ॲडम ग्रँट आणि दोघांनी पिझ्झा डिलिव्हरीच्या दुकानांवर अभ्यास केला, तिथे दिसलं की हाताखालचे लोक स्वतःहून सूचना करणारे, पुढाकार घेणारे असतील तर शांत लीडरची दुकानं जास्त नफ्यात होती, आणि लोक सांगकामे असतील तर बोलक्या लीडरची. म्हणजे उत्तर तुमच्या टीममध्ये कोण आहे यावरही आहे. तुमची टीम कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये.

मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकली ती वेगळीच आहे. टेस्ट उपयोगी पडते ती समोरचा माणूस अनोळखी असतो तेव्हा. उमेदवार आलाय, त्याच्याबद्दल एक बायोडेटा सोडून काही माहीत नाही, तिथे वीस मिनिटांची प्रश्नावली थोडाफार उजेड पाडते. तुम्ही पाच वर्षं त्यांच्यासमोर आहात! २०१० च्या आसपास दोन मोठे आढावे झाले, दोन्हींत हेच निघालं की माणसाने स्वतःला दिलेल्या रेटिंगपेक्षा त्याला ओळखणाऱ्या इतरांनी दिलेलं रेटिंग त्याच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देतं. म्हणजे तुमच्या मॅनेजरच्या डोक्यात पाच वर्षांची जी माहिती आहे ती त्या रिपोर्टपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि ते ती बाजूला ठेवून रिपोर्ट वाचतायत. काखेत कळसा म्हणतात तो हा.

इथे मला माझं एक पाप सांगायचंय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी टीम बिल्डिंगसाठी चार रंगांची टेस्ट घेतली होती. त्या चार प्रकारांचं मूळ विल्यम मार्स्टनने १९२८ मध्ये मांडलेल्या कल्पनांत आहे, हाच माणूस ज्याने पुढे कॉमिक्समधली वंडर वुमन जन्माला घातली, आणि गंमत म्हणजे त्याने स्वतः अशी टेस्ट कधी बनवलीच नव्हती, ती नंतरच्यांनी बनवली, रंग त्याच्याही नंतर चढले. असो. दिवस मस्त गेला, लोक हसले, शेवटी प्रत्येकाला आपल्या रंगाचा कॉफी मग दिला, ती आयडिया माझी. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच मजल्यावर गेले तर ते कॉफी मग अजून टेबलांवर होते. एक मुलगी निळी आली होती, निळं म्हणजे विचारी, बारकाईने काम करणारी, एकटीने. ती सहज बोलता बोलता म्हणाली की आता मला क्लायंट कॉलला बोलवत नाहीत. का तर "ती निळी आहे, तिला त्रास नको." कुणी वाईट हेतूने केलं नव्हतं, उलट काळजीनेच. तिच्या मगात पेनं ठेवलेली होती, कॉफी ती दुसऱ्याच मगातून पीत होती. तेव्हापासून मी कुठल्याही टेस्टनंतर वस्तू वाटत नाही, आणि रिपोर्टवर तारीख मोठ्या अक्षरांत छापायला लावते.

बरं, करायचं काय. मॅनेजरशी बोला, पण टेस्टवर बोलू नका. "टेस्ट चुकीची आहे" असं म्हणालात की तुम्ही बचाव करणारे होता आणि विषय तिथेच मरतो. मी माझ्याकडे येणाऱ्यांना असं काहीसं विचारायला सांगते: "टेस्टचं राहू दे, गेल्या वर्षभरात असा कुठला प्रसंग होता जिथे मी लीडसारखं वागायला हवं होतं आणि वागलो नाही असं तुम्हाला वाटलं?" आणि मग गप्प बसायचं. खरंच गप्प, दहा सेकंद जड जातात पण बसायचं. तुम्ही इन्ट्रोव्हर्ट असाल तर हे तुम्हाला इतरांपेक्षा बरं जमेल. जर त्यांनी प्रसंग सांगितला, समजा त्या अमुक रिव्ह्यूमध्ये तू काहीच बोलला नाहीस, तर उत्तम, आता तुमच्या हातात खरी गोष्ट आली, ती पटो न पटो. जर एकही प्रसंग सांगता आला नाही आणि परत रिपोर्टच पुढे आला तर ते टेस्टवर खरोखर विश्वास ठेवणारे आहेत, तिथे मग एचआरला मध्ये घेऊन नियमाचा मुद्दा काढा. आणि तिसरी शक्यता, जागा आधीच दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलंय. तेही त्या शांततेत साधारण कळतं, माणूस लॅपटॉपकडे बघायला लागतो.

त्याच बोलण्यात काहीतरी करून दाखवायची संधी मागा. दोन महिन्यांसाठी एखादा छोटा रिलीज माझ्याकडे द्या, नवीन आलेल्या दोघांना मी सांभाळतो, आठवड्याच्या मीटिंगा मी घेतो, असं काहीही ज्यात लीडचं काम आहे पण पद नाही. निवडीची कुठली पद्धत पुढच्या कामाचा अंदाज किती बरोबर देते याचे जुने आकडे २०२२ मध्ये परत तपासले गेले तेव्हा सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत सगळ्यात वर आली, प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या चाचण्याही चांगल्या वर होत्या, पर्सनॅलिटी टेस्ट बऱ्याच खाली. हे मॅनेजरना ऐकवायची गरज नाही, तुम्हाला कुठे जोर लावायचा ते कळावं म्हणून सांगतेय.

उत्तरं फिरवायची का? यावर माझं मत थोडं मवाळ आहे, लोकांना वाटतं मी रागावेन. सुरुवातीच्या काळात आम्ही टेस्ट कागदावर घ्यायचो, पेन्सिल आणि पाच गोल. भरतीच्या बॅचचे कागद परत आले की खाडाखोड दिसायची. "मला लोकांत मिसळायला आवडतं", आधी २ चा गोल काळा केलेला, खोडला, ४ केला. एका कागदाला तर त्या ओळीवर खोडून खोडून भोक पडलं होतं. तीच टेस्ट त्याच कंपनीत नुसत्या ट्रेनिंगसाठी घेतली तेव्हा कागद स्वच्छ. आता स्क्रीनवर भोक पडत नाही म्हणून दिसत नाही एवढंच, बाकी लोक करतातच आणि टेस्ट बनवणाऱ्यांनाही माहीत असतं. म्हणून काही टेस्टमध्ये "मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही" छापाचे प्रश्न पेरलेले असतात, त्याला हो म्हणालात की रिपोर्टवर शेरा येतो. काहींमध्ये दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच निवडायची असते, मग काय फिरवणार? तर पूर्ण सोंग आणू नका, पकडले जाल म्हणून नाही फक्त, तर सोंग आणलेल्या माणसाला ती खुर्ची मिळते आणि बसायचं तुम्हाला असतं. त्यातून तुमच्या बाबतीत तर पहिला रिपोर्ट त्यांच्याकडे आहेच. चार अक्षरं अचानक उलटी आली तर कुणाच्याही लक्षात येईल.

पण एक गोष्ट बिनधास्त करा, ती लबाडी नाही. प्रत्येक प्रश्नाला "ऑफिसमध्ये" हा शब्द मनातल्या मनात जोडा. "मी अनोळखी लोकांशी सहज बोलतो" हे वाचून बहुतेकांच्या डोळ्यासमोर लग्नाचा हॉल येतो, नातेवाईक येतात, आणि ते २ देतात. तोच माणूस कामावर दुसऱ्या टीमच्या माणसाला उठून जाऊन विचारतो, तिथे त्याचं उत्तर ४ असतं. १९९५ मध्ये एका अभ्यासात प्रश्नांना कुठल्या ठिकाणचं वागणं ते सांगणारे शब्द जोडून बघितले तर टेस्टचा अंदाज सुधारला, पुढेही हे परत परत दिसलंय. तर हे केल्याने तुमचं उत्तर जास्त खरं होतं, कमी नाही. आणि टेस्ट सकाळी द्या, रिलीजच्या आदल्या रात्री नको, दमलेला माणूस सगळ्या माणसांना वैतागलेला असतो.

नाही म्हणता येतं का, याचं उत्तर देशाच्या कायद्यावर आणि तुमच्या करारावर आहे, मी वकील नाही. एक उदाहरण माहीत असू दे. अमेरिकेत सामान भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत प्रमोशन हवं असणाऱ्यांना जी टेस्ट द्यावी लागायची त्यात मानसिक आजार ओळखण्यासाठी बनवलेल्या आणि १९४० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एमएमपीआय या टेस्टमधले ५०२ प्रश्न होते. २००५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ही वैद्यकीय तपासणीच आहे म्हणून ती अशी वापरता येणार नाही असा निकाल दिला. तुमची टेस्ट त्या प्रकारची नाही, पण मुद्दा कळतो, सगळ्या टेस्ट एका माळेचे मणी नसतात. झोप लागते का, विचित्र आवाज ऐकू येतात का, असे प्रश्न कुठे दिसले तर थांबा आणि लेखी विचारा. साध्या टेस्टला सरळ नकार मात्र मी तुमच्या जागी दिला नसता, सगळ्यांनी दिली आणि तुम्हीच नाही म्हणालात तर बोभाटा तेवढाच होतो. त्याऐवजी टेस्टच्या आधी एक मेल टाका, साधा, तक्रारीचा सूर नको: ही टेस्ट कुठली आहे, कशासाठी वापरणार, निकाल कोण बघणार, किती दिवस ठेवणार. चार ओळी पुरे. नुसता हा मेल गेल्यामुळे रिपोर्ट प्रमोशनच्या फाइलमधून बाहेर काढलेला मी दोनदा बघितलाय, कारण उत्तर द्यायला बसल्यावर एचआरच्या लक्षात आलं की आपल्यालाच माहीत नाही.

तर क्रम असा ठेवा: या आठवड्यात टेस्टचं नाव आणि आकडे मिळवा, मग मॅनेजरशी प्रसंगांवर बोला, त्यातच एखादं काम मागून घ्या, आणि टेस्टच्या पंधरा दिवस आधी तो मेल. मॅनेजरकडे जायच्या आधी गेल्या वर्षातले दोन-तीन प्रसंग, तारखेसकट, कागदावर लिहून ठेवा जिथे टीम तुमच्याकडे आली होती. आयत्या वेळी आठवत नाही.

टेस्टचं नाव मिळालं की इथेच खाली टाका, रिपोर्टचं ते शेवटचं बारीक अक्षरांचं पान असेल तर त्याचा फोटो पण, नाव आणि एम्प्लॉयी नंबर झाकून. नॉर्म ग्रुप कुठला धरलाय ते बघून सांगते.